वीस हजार रुपयांची गोष्ट आणि तिच्यातून गाळलेली पाने

यंदाच्या भीमजयंतीच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक 'उद्योजकता शिबिर' झाले. व्यासपीठावर बाबासाहेबांचा फोटो, फोटोला हार आणि मागे मोठा फ्लेक्स: नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. वक्ते बाहेरून आलेले. त्यांनी दीड तास जी गोष्ट रंगवून सांगितली ती तुम्हीही ऐकली असेल. लुधियानाचा एक अठरा वर्षांचा मुलगा. वडिलांकडून वीस हजार रुपये उसने घेतो, सायकलचे सुटे भाग बनवतो आणि पुढे देशातल्या कोट्यवधी लोकांच्या हातात मोबाइल व घरात इंटरनेट पोहोचवतो. सुनील मित्तल, एअरटेलचे मालक. "त्यांच्याकडे काय होते? फक्त वीस हजार आणि जिद्द! मग तुम्ही आरक्षणाच्या कुबड्या किती दिवस वापरणार?" असे वक्त्यांनी विचारले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी दोन हजार रुपये फीच्या पुढच्या वर्गाची नोंदणी सुरू झाली.

आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी आमच्या वस्तीतला एक तरुण होता. आयटीआय झालेला, फायबरची तार जोडण्यात तरबेज. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, "दादा, वीस हजार तर मीपण जमवले होते. जास्तच होते."

हा लेख त्याच्या त्या वाक्यासाठी आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो. सुनील मित्तल कष्टाळू नाहीत, त्यांना धंदा कळत नाही, असे आम्ही म्हणत नाही. माणूस धाडसी आहे, त्याला संधी ओळखता येते आणि पडल्यावर उठताही येते. त्यांच्यावर वैयक्तिक चिखलफेक करण्यात आम्हाला रस नाही. आमचे भांडण त्या गोष्टीशी आहे, जी आमच्या जयंतीच्या मांडवात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आमच्याच पोरांना सांगितली जाते आणि सांगताना जिची महत्त्वाची पाने गाळली जातात. आपण ती पाने एकेक करून वाचू.

पहिले पान: वीस हजार कोणाचे होते?

सुनील मित्तल यांनी १९७६ साली धंदा सुरू केला. वडिलांकडून वीस हजार घेतले हे खरे. वडील म्हणजे सतपाल मित्तल. काँग्रेसचे पंजाबातले नेते आणि दीर्घकाळ राज्यसभेचे खासदार. शिबिरातल्या वक्त्यांनी 'वडील' हा शब्द दहा वेळा उच्चारला, 'खासदार' हा शब्द एकदाही नाही.

लुधियाना म्हणजे सायकल उद्योगाचे गाव. सायकलला लागणारे क्रँकशाफ्ट बनवून तिथल्या कारखानदारांना विकणे हा मित्तल यांचा पहिला धंदा. उत्तर भारतातल्या अग्रवाल-बनिया समाजात जन्मलेल्या, खासदाराच्या घरातल्या मुलाने माल दाखवला की समोरचा कारखानदार काय पाहतो? माल तर पाहतोच, पण घरही पाहतो. उधारी देताना घर पाहतो, कच्चा माल देताना घर पाहतो. बाजारात 'पत' नावाची जी गोष्ट असते ती अशी बनते. समाजशास्त्र शिकताना आम्ही पिअर बोर्द्यू वाचला. तो याला सामाजिक भांडवल म्हणतो. आमच्या आजीला बोर्द्यू माहीत नव्हता, पण "पैसा पैशाला ओळखतो आणि जात जातीला" हे तिला माहीत होते.

खासदार बापाने मुलासाठी कुणाला फोन केला होता का, या वादात आम्हाला शिरायचे नाही, कारण मुद्दा त्या फोनचा नाहीच. अशा घरात फोन करावाच लागत नाही. सरकार कसे चालते, अर्ज कुठे जातो, धोरण बदलणार असल्याची कुणकुण कुठे लागते, मोठ्या माणसासमोर न घाबरता कसे बसायचे, हे सगळे त्या घरात जेवणाच्या ताटावर शिकायला मिळते. आमच्या घरात तहसीलच्या शिपायाशी बोलतानासुद्धा बापाचा आवाज खाली जातो. वीस हजारांच्या हिशेबात हा फरक कुठे मांडायचा?

दुसरे पान: परवाना नावाचे यंत्र

१९८० च्या सुमारास मित्तल मुंबईत आले. परदेशी माल आणून विकायचा धंदा सुरू झाला. जपानहून सुझुकीची छोटी जनित्रे आणून विकली, ती चांगली खपली. १९८३ मध्ये सरकारने जनित्रांच्या आयातीवर बंदी घातली आणि धंदा बसला. वक्त्यांनी हा प्रसंग 'अपयशातून यश' म्हणून सांगितला. आम्हाला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या काळात एका सरकारी आदेशाने धंदा उभा राहत होता आणि एका आदेशाने बसत होता. ज्याच्याकडे दुसरा डाव खेळण्याइतके भांडवल आणि ओळखी शिल्लक असतील तोच उठत होता.

मित्तल उठले. तैवानमध्ये बटणांचे टेलिफोन पाहिले. आपल्याकडे तेव्हा बोट घालून चकती फिरवायचे फोन होते आणि टेलिफोन यंत्रे बनवणे हे मुख्यतः सरकारी कारखान्याचे काम होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना उघडले. मित्तल त्या दारातून आत गेले. 'बीटेल' हा त्यांचाच ब्रँड.

१९९२ मध्ये सरकारने चार महानगरांत मोबाइल सेवेसाठी निविदा काढल्या. निविदेत टेलिफोन सेवा चालवण्याच्या अनुभवाची अट होती. टेलिफोन यंत्र बनवणाऱ्या भारतीकडे तो अनुभव नव्हता, तेव्हा फ्रान्सची कंपनी भागीदार म्हणून आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी दिल्लीचा परवाना भारतीला मिळाला आणि १९९५ मध्ये एअरटेल सुरू झाली.

इथे जरा थांबू. मोबाइल कशावर चालतो? हवेतल्या लहरींवर. त्या लहरी कोणाच्या? १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात स्वच्छ सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमची, आमची, वस्तीतल्या झाडूवाल्या मावशीचीही. त्या सार्वजनिक मालमत्तेचा तुकडा सरकार परवान्याने देते आणि त्यावर खासगी साम्राज्य उभे राहते. जमीन सरकारने वाटली तर तिला 'फुकटेपणा' म्हणायचे आणि लहरी वाटल्या तर 'उद्योजकता'! गायरानावर दोन एकर कसणाऱ्या आमच्या भूमिहीन माणसाला अजून सातबारा मिळत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तिसरे पान: १९९९ ची 'माफी'

हे पान शिबिरात कधीच वाचले जात नाही, म्हणून जरा सावकाश वाचू.

नव्वदच्या दशकात मोबाइल कंपन्यांनी परवाने मिळवण्यासाठी मोठमोठ्या रकमांचे वायदे केले. दरवर्षी ठरावीक परवाना शुल्क भरायचे असा करार होता. ग्राहक अपेक्षेइतके आले नाहीत आणि कंपन्यांना शुल्क भरणे जड गेले. करार मोडला की काय होते? आमच्या वस्तीत रिक्षाचे तीन हप्ते थकले की फायनान्सवाले रात्री येऊन रिक्षा उचलून नेतात. या कंपन्यांचे काय झाले? १९९९ मध्ये वाजपेयी सरकारने नवे दूरसंचार धोरण आणले. ठरावीक शुल्क रद्द झाले आणि १ ऑगस्ट १९९९ पासून 'उत्पन्नातला वाटा द्या' अशी नवी व्यवस्था लागू झाली. धंदा चालला तर द्या, कमी चालला तर कमी द्या. करार सही झाल्यानंतर, मध्येच, कंपन्यांच्या सोयीने बदलला गेला. याला 'बेलआउट' म्हणत तेव्हाही टीका झाली होती.

हा फायदा एकट्या भारतीला मिळाला नाही, सगळ्या कंपन्यांना मिळाला. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांत भारतीने दमलेल्या छोट्या कंपन्या विकत घेतल्या. कर्नाटक, आंध्र, चेन्नई, कोलकाता अशी सर्कलमागून सर्कल पदरात पाडली. धोरणाने श्वास दिला आणि त्या श्वासावर कंपनी धावली. धावण्याचे श्रेय कंपनीला जरूर द्या, पण श्वास कोणी दिला तेही सांगा.

इंटरनेटचेही तेच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आले ते विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आणले. तीन वर्षे तिचीच मक्तेदारी होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना परवानगी दिली आणि भारतीने ब्रिटिश टेलिकॉमबरोबर 'मंत्रा ऑनलाइन' ही इंटरनेट सेवा सुरू केली. २००२ मध्ये सिंगापूरच्या सिंगटेलच्या साथीने चेन्नई ते सिंगापूर समुद्राखालून केबल टाकली. पुढचा प्रवास सर्वांना माहीत आहे. घरातले ब्रॉडबँड, थ्री-जी, फोर-जी, आफ्रिकेतल्या कंपनीची खरेदी आणि आता उपग्रहावरून इंटरनेट.

चौथे पान: 'शून्य' नावाचे आमिष

२०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने जाहीर केले की इंटरनेटवरून फोन करायचा असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतील. लोक संतापले आणि काही दिवसांत निर्णय गुंडाळावा लागला. मग एप्रिल २०१५ मध्ये 'एअरटेल झीरो' आले. काही ठरावीक अॅप ग्राहकाला फुकट आणि त्याचे पैसे अॅपवाली कंपनी भरणार. ऐकायला गोड. पण याचा अर्थ काय होतो? ज्या कंपनीकडे पैसा आहे तिचा रस्ता मोकळा आणि तुमच्या-आमच्या छोट्या संकेतस्थळाच्या रस्त्यावर टोलनाका. आंबेडकरी ब्लॉग, बहुजनांची यूट्यूब चॅनेले, आपल्या गायकांची गाणी यांचे पैसे कोणती कंपनी भरणार होती? प्रस्थापित वर्तमानपत्रांत आपल्याला कधी जागा मिळाली नाही. इंटरनेटवर पहिल्यांदा थोडी मोकळी जागा मिळाली, तर तिथेही सोपस्कार सुरू झाले: हा शुद्ध, तो अशुद्ध, हा आत, तो बाहेर.

देशभरातून लाखो लोकांनी नियामकाकडे ईमेल पाठवले. फ्लिपकार्ट त्या योजनेतून बाहेर पडली. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. ही लढाई लोकांनी जिंकली. पण एक कबुली आम्ही दिली पाहिजे: त्या लढ्यात आंबेडकरी संघटना म्हणून आपण फारसे दिसलो नाही. 'हा इंग्रजी बोलणाऱ्या पोरांचा प्रश्न' असे आम्हीही तेव्हा समजलो होतो. ती आमची चूक होती.

पाचवे पान: पुन्हा सरकार

उत्पन्नाचा वाटा द्यायचा ठरले खरे, पण 'उत्पन्न' म्हणजे काय यावर कंपन्या आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे खटला चालला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकट्या एअरटेलकडून सरकारची मागणी सुमारे ४४ हजार कोटींची निघाली. २०२० मध्ये न्यायालयाने दहा वर्षांचे हप्ते पाडून दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आणखी चार वर्षांची सवलत दिली. व्याज माफ झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण इतक्या मोठ्या थकबाकीवर मुदत मिळणे म्हणजे काय असते, ते बचत गटाचा हप्ता चुकवलेल्या आमच्या आयाबहिणींना विचारा.

याच काळात दर वाढले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ अशी तीनदा मोठी दरवाढ झाली. २०१६ मध्ये जिओ आली, फुकट वाटले, छोट्या कंपन्या बुडाल्या आणि मैदानात मोजके पैलवान उरले. मग पैलवानांनी तिकीट वाढवले. दुसरीकडे, राजकीय पक्षांना देणग्या पोहोचवणारा इलेक्टोरल ट्रस्ट भारती समूहाने काढला होता आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निवडणूक रोख्यांच्या यादीतही या समूहाचे नाव आहे. कायद्याने त्या वेळी ते वैध होते. आम्ही फक्त एवढेच विचारतो की 'स्वतःच्या बळावर' या शब्दांचा अर्थ आता काय घ्यायचा?

आमच्या वस्तीतला उद्योजक

आता त्या तरुणाकडे येऊ, ज्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्याने चार वर्षे एका केबलवाल्याकडे काम केले. खांबावर चढणे, तार ओढणे, फायबर जोडणे, राउटर बसवणे आणि रात्री अकराला ग्राहकाचा फोन आला की मोटारसायकल काढणे, सगळे केले. त्याला वाटले, आपणच एखाद्या कंपनीची एजन्सी घेऊन गावात इंटरनेट का देऊ नये? चार वर्षांत पन्नास हजार साठवले. मित्तल यांच्या वीस हजारांची किंमत आजच्या पैशांत कितीतरी जास्त होईल हे मान्य, पण आमच्या वस्तीत पन्नास हजार म्हणजे बहिणीचे लग्न असते.

पहिली अडचण कर्जाची. फायबर जोडायचे यंत्र, स्विच, तार, बॅटरी, कंपनीची अनामत असा सगळा मिळून सहा लाखांचा हिशेब. 'स्टँड अप इंडिया' ही योजना अनुसूचित जातींसाठी होती, पण ती दहा लाखांपासून पुढे सुरू होत होती. त्याला हवे होते सहा. मग मुद्रा. मुद्राच्या नियमात तारण नाही, पण टेबलावर तारण होते. "घराचे कागद आणा, नाहीतर सरकारी नोकरीतला जामीन आणा." घर गावठाणाबाहेरच्या वस्तीत, त्याला कागद कुठला? पाच महिने चकरा मारल्या. शेवटी त्याने महिना तीन टक्क्यांनी सावकाराकडून दोन लाख उचलले आणि छोटे काम सुरू केले.

दुसरी अडचण वाटेची. इंटरनेटची तार हवेतून जात नाही. ती कुणाच्या तरी गच्चीवरून, कुणाच्या तरी भिंतीवरून जाते. बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या सचिवाने पहिल्या दिवशी होकार दिला. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून मागितला. अर्जावर आडनाव आले. तिसऱ्या दिवशी "कमिटी नाही म्हणते" असे उत्तर आले. त्याच गच्चीवरून दुसऱ्या केबलवाल्याची तार आजही जाते. आम्ही स्वतः भेटायला गेलो तेव्हा चहा मिळाला आणि "तसे काही नाही हो, सोसायटीचा नियम आहे" असे ऐकायला मिळाले. जात कुणीच उच्चारली नाही. हल्ली ती कुणी उच्चारत नाही.

तिसरी अडचण ग्राहकांची. वस्तीत त्याने तीसेक जोडण्या दिल्या. पण वस्तीच्या तीस जोडण्यांवर धंदा चालत नाही, बाजारपेठ लागते आणि बाजारपेठेत तो 'त्या वस्तीतला' होता. घरात येऊन राउटर बसवणारा, सोफ्याशेजारी वाकून वायर लावणारा नोकर म्हणून तो चालत होता. मालक म्हणून चालला नाही.

चौदा महिन्यांनी यंत्र विकले. आता तो पुन्हा पहिल्याच केबलवाल्याकडे कामाला आहे.

सांगा, याच्याकडे जिद्द कमी होती की कौशल्य कमी होते? सुनील मित्तल यांना स्वतःच्या हाताने फायबर जोडता येत असेल का, आम्हाला शंका आहे. याला येते.

बाबासाहेबांनी काढलेली कंपनी

हे नवीन नाही. जयंतीला हार घालणाऱ्या किती जणांना माहीत आहे की बाबासाहेबांनीही धंदा करून पाहिला होता? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या, लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू केलेल्या बाबासाहेबांनी १९१७-१८ च्या सुमारास मुंबईत शेअर्स आणि व्यापाराबाबत सल्ला देणारी कचेरी उघडली. अर्थशास्त्रात त्यांच्याइतका शिकलेला माणूस तेव्हाच्या मुंबईत शोधून सापडला नसता. गिऱ्हाईक येऊही लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळल्यावर गिऱ्हाईक थांबले आणि कचेरी बंद करावी लागली.

गुणवत्ता होती, ज्ञान होते, जिद्द होती. काय नव्हते? तर जात 'बरोबर' नव्हती. शंभर वर्षांपूर्वी शेअर बाजारातल्या गिऱ्हाइकाने जे केले तेच आज इमारतीच्या सचिवाने केले. म्हणून बाबासाहेबांच्या फोटोखाली उभे राहून "फक्त जिद्द हवी" असे सांगणे हा बाबासाहेबांच्या आयुष्याचाच अपमान आहे.

आणि हे एकट्या-दुकट्या अनुभवावरून आम्ही म्हणत नाही. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त देशातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. त्यांतले बहुतेक ब्राह्मण आणि वैश्य. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. संचालक मंडळात तर आरक्षण नाही, तिथे शुद्ध 'मेरिट' आहे ना? मग हे मेरिट दोनच वर्णांच्या घरात का जन्माला येते? १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हा आकडा पाहिला की दोन शत्रू वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत, हे कळते.

"म्हणजे धंदा करूच नये का?"

हा प्रश्न आम्हाला शिबिराच्या आयोजकांनी विचारला. ते आपलेच कार्यकर्ते आहेत, त्यांची तळमळ खरी आहे. म्हणून सरळ उत्तर देतो.

धंदा जरूर करा. अनेक आंबेडकरी तरुण-तरुणी आज उद्योगात आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांच्यातल्या कुणालाही शेजारी बसवून विचारा. प्रत्येक जण सांगेल की जिद्दीबरोबर कुठेतरी शिष्यवृत्ती होती, वसतिगृह होते, बापाची किंवा आईची सरकारी नोकरी होती, महामंडळाचे कर्ज होते किंवा सरकारी खरेदीतला राखीव वाटा होता. आरक्षण आणि उद्योजकता यांना एकमेकांसमोर उभे करणारा माणूस तुम्हाला शिडीवर चढायला सांगतो आणि खालून शिडीच काढून घेतो.

एअरटेलच्या मालकाची कारकीर्द आम्हाला काय शिकवते? बंदी, परवाना, लहरी, धोरणातला बदल, थकबाकीला मुदत, प्रत्येक वळणावर सरकार आहे. देशातला मोठ्यातला मोठा इंटरनेटवाला सरकारकडे हक्काने जातो, मागतो आणि मिळवतो. त्याला कुणी कुबडी म्हणत नाही. मग आम्ही शिष्यवृत्ती मागितली, बिनतारण कर्ज मागितले, खासगी क्षेत्रात आरक्षण मागितले, की लगेच 'कुबड्या' कशा होतात? लाज बाळगायची गरज आम्हाला नाही. ही मागणी भीक नाही, हा सार्वजनिक मालमत्तेतला आमचा वाटा आहे.

१९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते राज्यघटनेतच लिहावे अशी मांडणी केली. त्या वेळी इंटरनेट नव्हते. पण आज शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, भरतीचा अर्ज ऑनलाइन, रेशनचा अंगठा ऑनलाइन. २०२० च्या टाळेबंदीत शाळाही ऑनलाइन झाली आणि आमच्या वस्तीत एका फोनवर तीन भावंडे शिकत होती. ज्याच्यावाचून माणसाचे कुठलेच हक्काचे काम होत नाही, तो उद्योग मूलभूत नाही तर दुसरा कोणता आहे?

केरळने स्वतःच्या मालकीचे फायबर जाळे उभारले, ते जून २०२३ मध्ये सुरू झाले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. काम रेंगाळले आहे, टीकाही होते, पण दिशा तरी ठरवली. केंद्राने २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली. ती मूळ मुदतीत झाली नाही आणि आजही अनेक ग्रामपंचायतींत पेटी भिंतीवर आहे, दिवा बंद आहे. या कामासाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून घेतलेला निधी आहे. तो आमच्याच रिचार्जमधून गेलेला पैसा आहे.

म्हणून पुढच्या जयंतीच्या आधी प्रत्येक तालुक्यात चार कामे करू या.

एक, आपल्या ग्रामपंचायतीत फायबरची पेटी चालू आहे का, ते पाहा. बंद असेल तर माहिती अधिकारात विचारा: कधी बसली, देखभालीचे पैसे कुणाला जातात, वस्तीपर्यंत जोडणी का नाही.

दोन, बँकेने मुद्रा कर्जाला तारण मागितले तर ते लेखी मागा. तोंडी नकार कधीही स्वीकारू नका. नकाराचा कागद गोळा करा. दहा कागद जमले की जिल्हा अग्रणी बँकेच्या दारात बसता येते.

तीन, ग्रामपंचायतीच्या फायबरवरून घराघरांत जोडणी देण्याची आणि देखभालीची कामे निघतात. ती कामे स्थानिक अनुसूचित जातीच्या तरुणांच्या सहकारी संस्थांना राखून द्या, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरा. तार जोडणारे हात आमचे असतील तर जाळ्याच्या मालकीतही आमचा हिस्सा हवा.

चार, शिबिरे घ्या, पण वक्त्याला आधी विचारा: तुम्ही गोष्ट पूर्ण सांगणार का? नसेल सांगायची तर आमच्या वस्तीतल्या त्या पोराला व्यासपीठावर बोलवा. त्याचा धंदा बुडाला. तो का बुडाला हे ज्या दिवशी आमच्या पोरांना कळेल, त्या दिवशी दुसरा तरेल.

शिबिरानंतर त्या तरुणाने आम्हाला विचारले होते, "दादा, दोन हजार भरून पुढचा वर्ग करू का?" आम्ही नको म्हणालो. त्या पैशातून सावकाराचा हप्ता भरला. आता आम्ही दोघे मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहितो आहोत. आमच्या गावच्या पेटीतला दिवा का बंद आहे, ते विचारायचे आहे.

जय भीम.